एकतीस घुसलेल्या नोंदी

पद्माबाईनं दोन चिठ्ठ्या टेबलावर आपटल्या तेव्हा पोलीस जमादार फुलसिंग आडे चौकीत चहात खारी बुडवत होता. खारी सुटून चहात पडली.

"ही यंदा कारखाना सुरू झाला तवाची. आन् ही आजची. वाचा अन् सांगा, मी येडी झाले का कारखाना येडा झाला?"

फुलसिंगनं चिठ्ठ्या उजेडाकडं धरल्या. नाव तेच, गट नंबर तोच, लागणीची नोंद एकवीस ऑक्टोबर १९९९, तीही तीच. तोडणीचा क्रमांक मात्र पहिलीवर एकशे बारा होता आणि दुसरीवर एकशे त्रेचाळीस.

"यादी पुढं सरकती मावशी, मागं कशी सरकली?"

"तेच इच्यारायला आले ना! तोडीवाले काल माझ्या बांधापर्यंत आले अन् वळून गेले. उसाला तुरा आला. अजून महिनाभर हुबा राह्यला तर निस्ता पाचोळा व्हईल."

जानेवारी २००१ चा दुसरा आठवडा. वारंगा फाट्यापासून आत सात किलोमीटरवर नवधारा सहकारी साखर कारखाना धूर सोडत होता. कारखान्याचा कायदा साधा होता. ज्याची लागण आधी नोंदली त्याचा ऊस आधी तुटायचा. एवढ्या एका रांगेसाठी या भागात भाऊ भावाशी बोलत नाही. आणि कुणीतरी त्या रांगेत एकतीस माणसं घुसवली होती.

फुलसिंगनं चहा ओतून दिला आणि मोटारसायकलला किक मारली.

*

कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीबाहेर चपलांची रांग होती. आत गारवा, काचेचं दार, आणि दारावर पाटी: चपला बाहेर काढाव्यात. देवळात नसेल एवढी शिस्त. फुलसिंगनं बूट काढले, मोज्याला भोक होतं ते लपवत आत गेला.

प्रेमानंद खिल्लारे खुर्चीवरून उठला. वय अडतिसेक, चष्मा, खिशाला दोन पेनं. आठ वर्षांपूर्वी हाच माणूस परभणीहून कॉम्प्युटर शिकून आला होता आणि उसाच्या नोंदीचा सगळा प्रोग्राम यानं या खोलीत बसून, एकट्यानं लिहिला होता. विकतचा नव्हे, घरचा. कुणी म्हणालं गावाप्रमाणे यादी पाहिजे, यानं करून दिली. कुणी म्हणालं विहिरीचा ऊस वेगळा दाखवा, तेही केलं.

"जमादारसाहेब, तुमी पकडायलाच आलात का?"

"काहून? पकडण्यासारखं केलंय काय?"

"उद्या दहाला संचालकांची मीटिंग आहे. मला बडतर्फ करायचं अन् तुमच्या ताब्यात द्यायचं ठरल्यासारखंच आहे. म्हणून म्हणलं." त्यानं खिशातली दोन्ही पेनं सरळ केली. "माझी साक्षी यंदा दहावीला आहे. मीटिंगचं तिला अजून सांगितलं न्हाई."

"पहिल्यापासून सांगा. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत न्हाई, असं धरून सांगा."

प्रेमानंदनं सांगितलं. दर शनिवारी तो सगळ्या नोंदी फ्लॉपीवर उतरवून कपाटात ठेवायचा. पद्माबाईसारख्या तक्रारी आल्यावर त्यानं जुन्या फ्लॉप्या काढल्या. दोन डिसेंबरच्या फ्लॉपीत त्या एकतीस नोंदी नव्हत्या. नऊ डिसेंबरच्या फ्लॉपीत होत्या. म्हणजे त्या आठवड्यात कुणीतरी सव्वा वर्षापूर्वीच्या तारखा टाकून नवी माणसं आत बसवली होती.

"मग झालं की! हे संचालकांना दाखवा."

"दाखवलं. म्हणाले, फ्लॉपी तूच करतोस, तूच काही बी भरशील."

फुलसिंगलाही तसंच वाटलं असतं.

"जुन्या तारखेची नोंद कोण करू शकतं?"

"फक्त मी. पासवर्ड लागतो."

"कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच न्हाई. कागदावर सुदिक लिहिला न्हाई."

"त्या आठवड्यात तुमी कुठं होता?"

"पाच ते सात डिसेंबर मुंबईला. सहा तारखेला चैत्यभूमीला जातो दरसाली. चावी गेटवर ठेवून गेलो होतो."

फुलसिंग खोलीभर फिरला. कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर एक फोटो होता. त्यात हेच मशीन, पण कपड्यानं झाकलेलं, वर झेंडूचा हार, आपट्याची पानं, समोर नारळ फोडणारा एक टोपीवाला माणूस आणि मागं चेअरमनसाहेबांसकट सगळा स्टाफ. कोपऱ्यात कॅमेऱ्यानं उमटवलेले केशरी आकडे.

"दसऱ्याची पूजा आहे," प्रेमानंद म्हणाला. "त्या दिवशी मशीनला कुणी हात लावत न्हाई. दिवसभर झाकून असतं."

"तुमी दिसत न्हाई यात."

"मी नसतोच."

टेबलावर एक जाड वही होती. वर लिहिलं होतं: मागण्या. ज्याला प्रोग्राममध्ये जे हवं ते तो इथं लिहायचा, आणि प्रेमानंद करून झालं की पुढं 'झाले' लिहायचा. फुलसिंगनं पानं उलटली. एकाच ठसठशीत अक्षरातल्या मागण्या सगळ्यात जास्त होत्या. 'तारखेशेजारी वार दाखवावा, बाजाराच्या दिवसाचा घोळ होतो.' झाले. 'सण व तिथी दाखवावी.' याच्यापुढं लिहिलं होतं: राहिले.

"हे कुणाचं अक्षर?"

"सोनाजीभाऊंचं. शेतकी खात्याचे हेडक्लार्क. प्रोग्राम मी लिहिला, पण ऊस म्हणजे काय हे त्यांनी शिकवलं मला. फोटोत नारळ फोडून राहिले ते तेच." पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा मोकळा झाला. "तिथीचं तेवढं राहिलं. पंचांग मशीनमध्ये घालायचं म्हणजे लई किचकट काम."

*

राणी जूनपासून कारखान्यात होती. नोंदी टाइप करायचं काम. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"मी न्हाई केलं, साहेब. माझ्या नावानं जुनी तारीख टाकली की मशीन टीं टीं करतं अन् घेत न्हाई."

"रडू नको पोरी. ती एकतीस नावं छापून दे मला, तारखेप्रमाणे."

प्रिंटर करकरत बसला. फुलसिंगनं कागद मांडीवर पसरला आणि खिशातून शिसपेन्सिल काढली. चोरीचं सोनं असो की उसाची नोंद, यादी समोर आली की त्याला बरं वाटायचं. यादी आरडाओरड करत नाही.

तारखा होत्या ऑक्टोबर १९९९ च्या: अकरा, बारा, तेरा, पंधरा, सोळा, अठरा, एकोणीस, वीस. रोज तीन नाही तर चार नोंदी. दर दिवशीच्या नोंदींना एकपासून क्रमांक पडायचे. घुसवलेल्या नोंदी त्या दिवशीच्या खऱ्या नोंदींच्या शेपटाला लावल्या होत्या: नऊ, दहा, अकरा असे क्रमांक. फक्त एकोणीस तारखेला त्या एकपासून सुरू होत होत्या.

"सतरा काहून न्हाई?"

राणीनं तारीख टाकून पाहिली. शेजारी अक्षरं उमटली. "रविवार होता, साहेब."

"आन् चौदा?"

"गुरुवार. कामाचाच दिवस की. त्या दिवशी खऱ्या नोंदी बारा आहेत."

फुलसिंगनं चौदाच्या जागी रिकामं गोल काढलं.

गेटवर वॉचमन चाँद पाशानं चावीची वही पुढं केली. "पाच तारीख कू राणीबाई ली, साब. छे कू वो छुट्टी पे थी. दोपहर में सोनाजीभाऊ ले गए, बाद में शेतकी साब ले गए. मैं लिखे बगैर चाबी देताच नहीं."

*

शेतकी साहेब म्हणजे शेषराव. त्यांनी फुलसिंगला बसाही म्हटलं नाही.

"सहा डिसेंबरला कॉम्प्युटर खोलीत काहून गेला होता?"

"पुण्याच्या कंपनीची माणसं आली होती. खोली दाखवायला नेलं. त्यांचा तयार प्रोग्राम घ्यायचा आमच्या मनात आहे. हे घरगुती प्रकरण किती दिवस चालवायचं? एका माणसाच्या डोक्यात सगळा कारखाना! तो रुसला तर ऊस तुटायचा नाही."

"म्हणजे प्रेमानंद गेला तर तुमचं कामच झालं."

"जमादार, जपून बोला."

"तो सुट्टीवर जातो तवा तुमची तकलीफ होत असेल."

"कधी जातो, कुठं जातो, मी काय त्याचा हिशेब ठेवतो? नागपूर, मुंबई, काहीतरी असतं त्या लोकांचं." शेषरावांनी फाईल उघडली. मुलाखत संपली होती.

माणूस उद्धट होता. पण उद्धटपणाला कलम नाही. ते असतं तर निम्मा जिल्हा आत असता.

सोनाजी उसाच्या काट्याजवळ लिंबाखाली बसला होता. पन्नाशी उलटलेला, पांढरी टोपी, धोतराचा सोगा हातात. फुलसिंगला पाहून त्यानं आपल्या शेजारी बाकड्यावर जागा केली.

"लई वाईट झालं, जमादारसाहेब. लेकरावानी शिकवलं मी त्याला. आठ साल एका डब्यात जेवलो. त्याची बायको मेथीची भाजी देते ना, तशी आमच्या घरी बी व्हत न्हाई."

"मग तुमाला काय वाटतं, त्यानं केलं?"

"माझ्या तोंडून कसं म्हणू?" सोनाजीनं मान खाली घातली. "पर एक गोष्ट मनाला लागून राहिली. त्या नोंदी बघितल्या का तुमी? चौदा ऑक्टोबरची एक बी न्हाई. चौदाला तो नागपूरला असतो, दीक्षाभूमीला. त्यांचा मोठा दिवस. आता तुमीच जोडा. तो हितं होता त्या त्या दिवशी नोंदी, नव्हता त्या दिवशी न्हाई."

"व्हय की," फुलसिंग म्हणाला. "हे माझ्या ध्यानातच आलं नसतं."

मग त्यानंच पुढं विचारलं, "सहा डिसेंबरला तुमी चावी घेतली होती?"

"मशीनमधून गावाची यादी काढायला. राणी नव्हती ना. यादी काढायला काय, कुणी बी काढतं."

फुलसिंग उठला. जाता जाता टाईमऑफिसात शिरला आणि १९९९ सालचा हजेरीपट मागितला. ऑक्टोबरचं पान. चौदा तारखेच्या चौकोनावर त्यानं बराच वेळ बोट ठेवलं. मग परत कॉम्प्युटर खोलीत जाऊन भिंतीवरचा फोटो उतरवला.

"प्रेमानंदभाऊ, एकच सवाल. पासवर्ड मला नका सांगू. तो कशावरून ठेवला, हे कधी कुणाला सांगितलं होतं?"

प्रेमानंदनं चष्मा काढला. तो पुसत पुसत त्यानं एक दिवस सांगितला आणि एक नाव.

*

सकाळी दहाला संचालकांच्या खोलीत चौदा खुर्च्या भरल्या होत्या. चेअरमनसाहेब मधे. प्रेमानंद भिंतीला टेकून उभा, त्याला खुर्ची नव्हती. शेषराव, सोनाजी, राणी एका बाजूला. दारात पद्माबाई. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि हाकलायची कुणाची छाती नव्हती.

"जमादार, लवकर आटपा," चेअरमन म्हणाले. "याला नेताय ना?"

"नेतो म्हणलं तर आत्ता नेतो. आधी दोन तारखा ऐकून घ्या."

त्यानं फोटो टेबलावर ठेवला.

"ज्यानं ह्या नोंदी घुसवल्या त्याला त्या प्रेमानंदच्या वाटायला पाहिजे होत्या. म्हणून तो जपून वागला. रविवार टाळला. ते सोपं, तारीख टाकली की मशीन वार सांगतं. ही सोय मागितली कुणी, ते वहीत लिहिलंय. पण मशीन सण सांगत न्हाई. ती मागणी राहूनच गेली. फोटोच्या कोपऱ्यात बघा साहेब, काय आकडे आहेत?"

चेअरमननी चष्मा खाली ओढला. "नव्व्याण्णव, दहा, एकोणीस."

"एकोणीस ऑक्टोबर. त्या साली दसरा त्या दिवशी होता. कारखाना बंद. मशीन झाकलेलं, वर हार. तुमी स्वतः फोटोत आहात. आन् यादी म्हणती, त्या दिवशी ह्या मशीनवर चार नोंदी झाल्या. एक, दोन, तीन, चार. खरी एक बी न्हाई, कारण खरी होऊच शकत नव्हती. आपल्या सगळ्यांना दसरा पाठ असतो, पण गेल्याच्या गेल्या साली तो कुठल्या इंग्रजी तारखेला आला, हे कुणाच्या बी ध्यानात राहात न्हाई."

"मग प्रेमानंदच्या तरी कसं राहील?" शेषराव म्हणाले. "तो तर पूजेला नसतोच."

"बराबर. तो कुठं असतो?"

फुलसिंगनं भिंतीकडं मान वळवली.

"नागपूरला," प्रेमानंद भिंतीपासून म्हणाला. "आमच्या घरचे दसऱ्याला जातात. अशोक विजयादशमीला. दीक्षा झाली तो दिवस तिथीनं दसराच होता. त्या साली साक्षीला पहिल्यांदा नेलं होतं. एकोणीस तारीख मी कशी इसरंन?"

"आता दुसरी तारीख," फुलसिंग म्हणाला. "चौदा. कामाचा दिवस, तरी चोरानं ती सोडली. काहून? त्याला वाटलं, प्रेमानंद त्या दिवशी नागपूरला असतो, त्याच्या नावानं नोंद दिसली तर भांडं फुटंल. पण हा हजेरीपट बघा. चौदा ऑक्टोबर नव्व्याण्णवला प्रेमानंद हजर. सकाळी आठ ते पाच. तो चौदाला कधी जातच न्हाई. मग 'चौदाला तो नागपूरला असतो' असं समजणारा माणूस कोण? काल दुपारी लिंबाखाली बसून मला हे कुणी सांगितलं?"

सोनाजीच्या हातातून सोगा सुटला.

"पासवर्ड कुणाला माहीत नव्हता. पण तो कशावरून ठेवला ते एका माणसाला माहीत होतं. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या दिवसावरून. चौदा, दहा, छप्पन. प्रेमानंदनं तेवढं कधीकाळी जेवताना एका दोस्ताला सांगितलं, कौतुकानं. दोस्तानं आकडे जुळवले. त्यावरूनच धरून चालला की माणूस दरसाली चौदालाच जात असेल. दसऱ्याला कारखाना बंदच असतो, मग हा कुठं असतो हे बघायला कोण बसलंय? सहा डिसेंबरला दुपारी चावी घेतली, गावाची यादी काढतो म्हणून."

"सोनाजी?" चेअरमन म्हणाले.

सोनाजी एकदम ओरडला.

"यादी माझी व्हती! तीस साल. कुणाच्या बांधाला कोणतं झाड, मला इच्यारा. ऊस कवा तोडायचा हे इच्यारायला माणसं माझ्या वट्यावर येऊन बसायची. पाटील बसायचे. मग हे डबडं आलं. माझ्या डोक्यातलं समदं काढून घेतलं, रोज दुपारी, इच्यारून इच्यारून. आन् लोक काय म्हनाय लागले? प्रेमानंदचा प्रोग्राम. रस्त्यानं मला कुणी रामराम घालंना. साहेब कोण झाला? तर हा!"

'हा' म्हणताना त्यानं बोट केलं. त्या बोटात आठ वर्षांच्या मेथीच्या भाजीपेक्षा जुनं काहीतरी होतं. ते खोलीतल्या प्रत्येकानं ओळखलं आणि एकानंही त्याला टोकलं नाही.

"ह्या एकतीस जणांनी येऊन पुन्ना म्हणलं, सोनाजीराव, आमचं बघा. बस्. म्हणून बघितलं."

प्रेमानंद भिंतीपासून पुढं आला. फुलसिंगला वाटलं, मारतो आता. पण तो नुसता सोनाजीसमोर उभा राहिला.

"भाऊ, आठ साल समोर बसून जेवलात. दसऱ्याला कुठं जातो एवढं एकदा इच्यारलं असतं, तर सांगितलं असतं मी."

सोनाजीनं खाली वाकून सुटलेला सोगा उचलला.

*

संचालकांनी अर्धा तास दार लावून घेतलं. एकतीस नावांत तीन संचालकांचे मेव्हणे होते, त्यामुळं अर्धा तास लागला. निकाल असा: झालं ते चुकीनं झालं, पोलीस केस नको. सोनाजीची बदली स्टोअरला. आणि घरगुती प्रोग्राममध्ये अशा भानगडी होतात हे आता सिद्धच झालं, तेव्हा पुण्याच्या कंपनीचा प्रोग्राम महिन्याभरात बसवावा. प्रेमानंदनं सगळी माहिती त्यांना शिकवून द्यावी. पुढचं पुढं बघू.

"अरे, चोर तो अन् शिक्षा प्रोग्रामला?" फुलसिंग म्हणाला.

"तुमचं काम झालं, जमादार," चेअरमन म्हणाले. खरंच झालं होतं. तक्रार मागं घ्या म्हणून पद्माबाईलाही तिथंच सांगण्यात आलं.

"माझा नंबर?" पद्माबाई म्हणाली.

प्रेमानंद आधीच चालायला लागला होता. तो कॉम्प्युटर खोलीत गेला, चपला बाहेर काढल्या आणि खुर्चीवर बसला. फुलसिंग दारात आडवा उभा राहिला. मेव्हण्यांपैकी कुणी आलंच तर आधी त्याला ओलांडावं लागलं असतं.

एकेक करून एकतीस नोंदी गेल्या. प्रिंटर करकरला. पद्माबाईनं चिठ्ठी हातात घेतली, दूर धरून वाचली. एकशे बारा.

"उद्या तोड येईल, मावशी. आधीचे सगळे तुटले आहेत."

"लेकरा, तुझ्या हाताला यश येवो," ती म्हणाली आणि चिठ्ठी कनवटीला खोचून गेली. यश कसलं यायचं राहिलं होतं, देव जाणे.

प्रेमानंदनं आणखी काहीतरी टाइप केलं. पडद्यावर आकड्यांऐवजी फुल्या उमटल्या.

"पासवर्ड बदलला?" फुलसिंगनं बूट चढवत विचारलं. "आता कुणाची तारीख?"

"कुणाचीच न्हाई. बोटं पडली तिथं पडली."

"मग ध्यानात कसा राहील?"

प्रेमानंदनं मागण्यांची वही उघडली, 'सण व तिथी दाखवावी' यापुढचा 'राहिले' हा शब्द एकदा वाचला आणि वही कपाटात ठेवून दिली.

"महिनाभर तर ध्यानात ठेवायचा आहे," तो म्हणाला.